तोंड झाकलेला माणूस

३ नोव्हेंबर, सोमवार

भुताच्या मनगटावर घड्याळाचा पट्टा! म्हणजे घड्याळ नव्हतं, पण रापलेल्या हातावर त्याची गोरी जागा स्पष्ट दिसत होती. आणि हा ठाकूर म्हणे दोनशे वर्षांपूर्वी मेलेला! जुने भयपट म्हणजे नुसती करमणूक. तरी तो विहिरीतून वर आला तेव्हा मी अशी दचकले की प्लॅस्टरमधला पाय टीपॉयवर आपटला. अजून चार आठवडे असंच पडून राहायचं आहे.

सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर परीक्षण टाकलं. सुमनताई म्हणाल्या, "मंजुषा, तू पेपरात लिही." जिन्यावरून पडल्याचा एवढा तरी फायदा.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज विनोदी. चार जावई एका कपाटात लपतात आणि सासरा ते कपाटच विकून टाकतो! हसून हसून ठसका लागला. शेवट मात्र टाकाऊ — सगळे रडतात आणि गळ्यात पडतात. विनोदी सिनेमावाल्यांना शेवटी रडायची हौस का असते कोण जाणे.

हे चाकणच्या कंपनीतून आले, पाच मिनिटं उभ्यानंच पाहिलं, हसले नाहीत. चहा घेऊन गॅलरीत गेले. ऑगस्टपासून असंच चाललंय. यांच्या हाताखालच्या दत्तोबांची उजव्या हाताची चार बोटं पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली तेव्हापासून. मी विषय काढला की उठून जातात.

८ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्युमेंटरी म्हटलं की मला झोप येते. पण ही करिष्मा नावाच्या पत्रकार मुलीनं केलीय, आपल्याच पट्ट्यातल्या कारखान्यांवर. नुसते हात दाखवलेत. तीन बोटांचे, दोन बोटांचे, एक तर नुसता तळवा — आणि तो माणूस त्या तळव्यानं नातवाला भरवतोय! मी बिस्किट खाली ठेवलं.

मग तोंड झाकलेला एक सुपरवायझर आला. प्रेसला सेन्सर असतो, हात आत गेला की मशीन थांबतं; माल जास्त निघावा म्हणून तो बंद करतात, आणि बोटं गेली की चूक कामगाराची म्हणून कागद तयार होतो, असं सांगत होता. बोलणं हुबेहूब यांचं! दर वाक्याला "आता बघा". मला हसूच आलं. लगेच ग्रुपवर टाकलं: "आजच्या फिल्ममधला तोंडझाक्या म्हणजे थेट आमचे हे!! ऐका आणि सांगा." खाली लिंक.

मग पुढचं पाहिलं.

कॅमेरा त्याच्या हातांवर आला. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. त्या नखाला मी महिनाभर हळद लावली होती, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी.

त्याच दिवशी, साडेचार

मेसेज काढून टाकला. पण तोवर पंचेचाळीस जणींनी पाहिला होता. आणि आता तिथं "हा मेसेज डिलीट केला आहे" असं ठळक दिसतंय, ते तर आणखीच वाईट! स्वरूपानं विचारलं, "का हो काढलात? मस्त होता की." स्वरूपाचे मिस्टर यांच्याच कंपनीत एचआरला आहेत.

माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच, आता बोटालाही नाही. यांची नोकरी मी घालवली.

९ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. काल धीर झाला नाही, आज सकाळी पोह्यांच्या वेळी सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. हे खातच राहिले.

"तू कशाला लिहिलंस?"

"तुम्ही कशाला लपवलंत?"

"तुला सांगितलं असतं तर सोसायटीला कळलं असतं."

खरंच होतं ते. मी रडले. यांनी बशी उचलून धुवायला टाकली आणि म्हणाले, "जाऊ दे. आवाज ओळखायला कंपनीला तुझी गरज नव्हती." ते मला बरं वाटावं म्हणून बोलले की खरंच तसं आहे, ते कळत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

दुपारी दीडलाच घरी! एचआरनं बोलावलं होतं. "हा आवाज तुमचा का?" विचारलं. हे म्हणाले, "हो, माझाच." चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणाले. गेटवर ओळखपत्र काढून घेतलं.

नाही म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? आवाज काय, कुणाचाही सारखा असतो! मी खूप बोलले. पण खरं सांगू? मनातून ऊर भरून आला. मुळमुळीत वाटणारा माझा नवरा, आणि साहेबाच्या तोंडावर "माझाच" म्हणाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सुमनताईंनी शिरा आणून दिला. "रोहिदासभाऊंसारखी माणसं राहिली नाहीत," म्हणाल्या. लिफ्टमध्ये लोक यांना नमस्कार करतायत. हे जिन्यानं जायला लागलेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दत्तोबांच्या बायको आल्या होत्या, शालनबाई. मला वाटलं आभार मानायला आल्या. मी म्हटलं, "बसा, चहा टाकायला सांगते." त्या बसल्या नाहीत. यांच्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, सेन्सर बंद करायची चावी तुमच्याकडंच असती नव्हं?"

हे मान खाली घालून म्हणाले, "हो. त्या दिवशी मीच फिरवली."

एकोणीस वर्षांच्या संसारात यांचं कुठलंच बोलणं मला इतकं जोरात लागलं नव्हतं.

शालनबाई मात्र शांत. "मला म्हाईत हाय. आमच्या ह्यांनी दवाखान्यातच सांगितलं. कंपनी म्हनती, सेन्सर आमच्या ह्यांनीच बंद केला. आता त्या पोरीला परत बोलवा. चावी कुनी फिरवली आन् कुनी फिरवायला लावली, दोन्ही सांगा. तोंड उघडं ठिवून." आणि गेल्या.

यांनी करिष्माला फोन लावला. ती चार वाजता येतेय.

मी ग्रुप उघडला नाही. यांनी दाढी केली.