नीरजाची नवी शाळा आणि माझे स्पाइक्स

ट्रुगानिना, मेलबर्न
२१ ऑगस्ट २०२१

ती. बाबा आणि आई,
दोघांना इथूनच वाकून नमस्कार.

सुटलो एकदाचा! नीरजाला वेरिबीच्या शाळेत अ‍ॅडमिशन मिळाली. जुन्या स्पोर्ट्स स्कूलमध्ये तिचं धावणं झकास चाललं होतं, पण गणित पार बुडालं होतं. तिला धावण्याच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेत शिकायचंय, आणि तिथल्या युनिव्हर्सिट्यांचे कोच टायमिंगइतकेच मार्कही बघतात. सध्या लॉकडाऊन आहे, त्यामुळे ती घराजवळच पळते.

इंटरव्ह्यू झूमवर झाला. मी इस्त्रीचा शर्ट, टाय आणि सर्टिफिकिटांची जाडजूड फाइल घेऊन बसलो. प्रिन्सिपल बाई स्क्रीनवर आल्या आणि तुम्ही लावलेल्या सवयीने मी ताडकन उभा राहिलो. खाली हाफ पँट! नीरजा ओरडली, "डॅड, सिट डाउन!" तुमची सून विनीता हसत किचनमध्ये पळाली.

बाईंनी फाइल पाहिलीच नाही. नीरजालाच विचारलं, "अभ्यास की धावणं, काय सोडायचं नाहीये तुला?"

"दोन्ही."

"नो वरीज. मग दोन्ही करू."

इतकं सोपं होतं, बाबा. तीन महिने मला अन्न गोड लागत नव्हतं.

तुमचा लशीचा दुसरा डोस झाला का? आई फोनवर "बरी आहे" म्हणते आणि मग खोकते. डॉक्टरांना दाखवाच.

दहावीला अभ्यास बुडेल म्हणून तुम्ही माझे स्पाइक्स, ते धावायचे खिळ्यांचे बूट, माळ्यावर टाकले होते. आता राग नाही, खरंच. पण अजून असतील तर राहू द्या. बॉर्डर उघडली की नीरजा ते बघायला येणार आहे. तिला मी सांगितलंय, आजोबांनी जपून ठेवलेत.

तुमचा,
शंतनू