धरणाचं पाणी, जावयाचे पाय

रविवार, अधिक महिना, संध्याकाळ

तिसऱ्यांदा चूळ भरली, तरी तो चहा तोंडातून जात नाही. अकोटहून धोंड्याला आलेल्या जावयाला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, काल कॅनोतून धरणापलीकडे मुक्कामाला नेलं. निघतानाच बजावलं होतं, परसाकडे जायचं ते पाण्यापासून शंभर पावलं लांब. सकाळी दोन कप चहा पिऊन झाल्यावर पाहिलं, जिथं मी किटली भरली त्याच काठावर, चार हातांवर, यांनी उरकलं होतं. शी!

"एवढ्या मोठ्या धरणाले काय होते, भाऊ?" वर हसले.

घरी आईला सांगितलं, तर म्हणे, "जवायाले बोलू नोको. धोंड्याचा महिना हाये." मग तिनं पाट मांडला आणि त्यांचे पाय धुवायला फिल्टरचं पाणी मागितलं.

काहून आणून दिलं मी? वर पायही पुसले.