जावईबापूंनी पाठवलेला राउटर

भातकुली,
जुलै २०१७

आदरणीय जावईबापू अनुपराव यांना शेषरावचा सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही आणि आमची पायल अकोल्यात खुशाल असाल. तुमच्या आईंचा गुडघा आता कसा आहे ते कळवावे. पाऊस तुमच्याकडे तरी पडला का? आमच्याकडे पेरणी करायला लावून गायब झाला आहे. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर बोलताना तुमच्या सासूबाई माझ्या शेजारी बसतात आणि जावयाशी बोलताना माझा आवाज जरा चढला की मांडीला चिमटा काढतात. कागदावर तेवढी सोय आहे.

विषय राउटरचा. गावकऱ्यांचे अर्ज भरायला काढलेल्या ऑनलाइन केंद्रासाठी मी टेलिफोनच्या तारेवरचं बिझनेस कनेक्शन घेतलं, तेव्हा अमरावतीच्या दुकानात दोन अँटेनांचा एक साधा राउटर पसंत केला होता. त्याला मागे टेलिफोनची तार खुपसायची जागा होती आणि मला तेवढंच पाहिजे होतं. पण तुमच्या सासूबाईंनी दुकानातूनच तुम्हाला फोन लावला. (कॉम्प्युटरमधला जाणता जावई असताना त्याला न विचारता राउटर घेतला तर त्याचा मान जातो म्हणे. मी तीस वर्षं ग्रामसेवक होतो, माझा मान कुठे जातो ते कोणी पाहत नाही.) तुम्ही हसलात. ‘‘मामाजी, बिझनेस कनेक्शनले असा खेळण्यातला डबा लावता काय?’’ मी म्हटलं, तार टेलिफोनची आहे. तुम्ही म्हणालात, ते माझ्यावर सोडा.

सोडलं. आठ अँटेनांचा तुमचा राउटर आला. काळाभोर, उताणा पडलेल्या खेकड्यासारखा. मी तो उलटासुलटा करून पाहिला, चष्मा पुसून पाहिला. अँटेना आठ, दिवे डझनभर, आणि टेलिफोनची तार लावायला जागाच नाही. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, त्याला वेगळा मॉडेम लागतो, पुढच्या रविवारी पाठवतो. जावईबापू, अकोला काही विलायतेत नाही. तो मॉडेम कोणत्या वाटेने निघाला आहे हे मला समजलेलं नाही. मी राउटर परत करतो म्हटलं, तर जावयाने दिलेली वस्तू परत करत नसतात. बरं, स्वतःच्या पैशाने दुसरा आणतो म्हटलं, तर तुमच्या सासूबाई कडाडल्या, ‘‘त्याच्या वस्तूवर सवत आणून बसवता काय? पायलले सासरी काय वाटन?’’

तेव्हापासून तुमचा राउटर केंद्राच्या दर्शनी फळीवर दिवे लुकलुकवत बसला आहे. गावातल्या प्रत्येक मोबाईलवर ‘अनुप’ नावाची भरगच्च रेंज दिसते, आणि त्यात इंटरनेटचा थेंब नाही. केंद्र चाललं ते माझ्या मोबाईलच्या नेटवर. आणि तुमचा फोन आला, राउटर कसा आहे विचारलंत, की मांडीवर सासूबाईंचा हात असल्यामुळे मी म्हणायचो, एकदम झकास. तुम्हीही ते खरं मानत होतात याचा मला जास्त राग आहे.

इथवर मी गिळलं. पण आता पीकविम्याची मुदत संपत आली. दाराबाहेर ही रांग. माझा मोबाईल अर्ध्या अर्जात मान टाकायचा. शेजारच्या गोदाबाईंच्या तीन एकरांतलं सोयाबीन वाळायला लागलं आहे. मजुरी बुडवून त्या माझ्याकडे चकरा मारत होत्या, आणि दरवेळी शेवटच्या पानावर येऊन अर्ज अडकायचा. परवा माझा तोल गेला. सगळ्यांसमोर मी तुमच्या राउटरला (तुम्हाला नव्हे, तरी जवळपास) जे बोललो ते इथे लिहिणं बरं नाही. तर गोदाबाईच मला म्हणाल्या, ‘‘असू द्या भाऊ. जावयानं हौसेनं पाठवला, त्याले नावं नोको ठेवू. मी उद्या येईन.’’ जिचं पीक जळून चाललं तीही तुमचाच मान सांभाळत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तडक अमरावतीची गाडी पकडली, तो दोन अँटेनांचा डबा विकत आणला आणि तार जोडली. काल गोदाबाईंचा अर्ज एका दमात गेला.

घरी मात्र अबोला आहे. ताट समोर येतं, शब्द येत नाही. बाकी ठीक. पायलला आशीर्वाद.

आपला,
शेषराव

ता. क. : खरं काम हे. तुम्ही सासूबाईंना फोन करून एवढंच सांगा की दुसरा राउटर आणायला मामाजींना मीच सांगितलं होतं. खोटं बोलायला जड जाईल, पण मी कित्येक महिने तुमच्यासाठी बोललो आहे.

आणखी एक : नवा राउटर मी तुमच्या राउटरच्या मागे झाकून ठेवला आहे, त्यामुळे गावाला वाटतं की तुमचाच चालू झाला. गोदाबाईंनी खुशीने तुमच्यासाठी कुरडया आणून दिल्या. पत्रासोबत पाठवतो आहे. त्यातली एक तळून मागितली, तेव्हा तुमच्या सासूबाईंनी अबोला सोडला. म्हणाल्या, ‘‘ज्या जावयानं काम केलं त्याले खाऊ द्या.’’