पॅन्टचे दोन्ही पाय

नाही म्हणजे नाही, ठोंब्या! आशीर्वाद मागाहून, आधी भांडण. त्या परक्या युद्धात लष्कराचा ट्रक चालवायला तू जायचं नाहीस. "मी थोडीच बंदूक धरणार आहे?" हे आईला पटलं असेल, मला नाही.

मी मजेत आहे. आमच्या शिवणाच्या दुकानात मास्तर आणि इस्त्रीवाल्याची रोज त्याच युद्धावरून जुंपते. मास्तर म्हणतात, "आता आपण माघार घेतली तर नाक कापलं जाईल." इस्त्रीवाला म्हणतो, "नाक तुमचं आणि पोरं लोकांची, वा!"

काल या भांडणाच्या भरात मास्तरांनी घोळ घातला. त्या युद्धातून परतलेला एक माणूस पॅन्ट घेऊन आला होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नाही, म्हणून तेवढीच बाजू आखूड करायची होती. मास्तरांनी सवयीने दोन्ही बाजू एकावर एक ठेवल्या आणि तोंड चालू ठेवून कात्री चालवली.

गिऱ्हाइकाने पॅन्ट वर धरून पाहिली आणि तो खो खो हसला. "मास्तर, एवढी वर्षं युद्ध चाललंय, पण त्यानेसुद्धा एकच पाय नेला हो!"

मास्तर सोडून सगळे हसलो. आज त्यांनी युद्धाचा विषयच काढला नाही, त्यामुळे इस्त्रीवाला बिचारा कंटाळलाय.

तो माणूस ट्रकच चालवायचा, ठोंब्या. बंदूक त्यानेही धरली नव्हती.

आईचा खोकला कसा आहे? ती औषध घेते की कुंडीत ओतते? मी रजा टाकलीय, या पत्रामागोमाग येतेच. दार उघडायला तूच यायचं, चालत. उत्तर लिहू नकोस, मी निघाले.

तुझी ताई