निवडलेला तांदूळ

३ नोव्हेंबर, सोमवार

शी! तांदळाच्या गोणीत पुन्हा अळ्या. दीपमालाच्या, आमच्या सूनबाईच्या राज्यात दुसरं काय निघणार! गोणीचं तोंड उघडं टाकती, वरून ओला हात घालती. तरी बरं, निवडायचं काम अजून माझ्याकडं आहे. दोन ताटं निवडून दिली. बाकी स्वयंपाकघरात मला आता कुणी विचारत नाय.

४ नोव्हेंबर

लेकानं, विश्वजीतनं, बळंच डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. लई किळस आली! बाकड्यावर शेजारी एक म्हातारा. बोटानं चिपडं काढायचा अन् तेच बोट बाकड्याला पुसायचा. डॉक्टरीणबाईनं आधी त्याची पापणी उलटली, मग माझी. मधे हात धुतला का नाय, देव जाणे — मला दिसलं नाय.

"आजी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा लगेच करून टाकू."

म्हटलं, पिकू द्या की आधी! हसली बया. "आता पिकायची वाट कुणी बघत नाही."

आमच्या आईचा पिकल्यावरच काढला होता. मी संक्रांतीनंतर बघू म्हणाले अन् उठले.

खरं काय ते इथंच लिहिते. ऑपरेशननंतर वाकायचं नाय, गॅसपाशी जायचं नाय. तेवढ्यात निवडायचं ताटही दीपमालाकडं जाईल. मग मी घरात काय करायचं? बसून गिळायचं?

६ नोव्हेंबर

अक्षरं धुरकट. चष्मा पुसून पुसून वैताग. पिकतोय वाटतं.

९ नोव्हेंबर, रविवार

पैठणची नणंद आशाबाई जेवायला आली, अन् तिच्याच भातात शिजलेली अळी! पांढरी, फुगलेली. थू! आशाबाईनं "वहिनी, हे काय गं?" म्हणत ताट माझ्या नाकाशी धरलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांसमोर दीपमालाला फाडलं — असली घाण खाऊ घालतीस पाहुण्यांना?

मान खाली घालून मला म्हणाली, "चुकलं आत्या. माझ्याच हातनं राहिली."

कबूल तरी केलं!

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी लवकर जाग आली. स्वयंपाकघरात ताट हलवल्याचा आवाज. दारातच थांबले. मी काल निवडून ठेवलेला तांदूळ दीपमाला पुन्हा निवडत होती. शेजारी नात, संस्कृती.

"आई, रोज कशाला गं? सांग ना आजीला, तिला दिसत नाय म्हणून. रविवारी गडबडीत तुझं राहिलं, तर केवढं बोलली तुला!"

"गप. ऐकतील त्या."

दोघी गेल्यावर तिनं वेचलेलं टाकलेली वाटी पार नाकापाशी नेली. तेव्हा कुठं दिसलं. आठ-नऊ अळ्या, वळवळत होत्या. माझ्या निवडलेल्या तांदळातल्या. अन् मी नाक मुरडत होते तिच्यावर. शी! स्वतःचीच इतकी किळस कधी आली नव्हती.

१२ नोव्हेंबर

विश्वजीतला सांगितलं — शुक्रवारचीच तारीख घे. पिकला नसला तरी काढू दे.

तांदळाला हात लावायचा नाय म्हणून बसले होते. दीपमालानं ताट आणून मांडीवर ठेवलं.

"निवडा आत्या. मी हाय की मागं."