सखूअक्काचा अंगठा राहिला होता

अहो सर,

साक्रीच्या एसटी स्टँडवर बसून लिहितेय. धुळ्याची गाडी यायला वेळ आहे. तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. एवढ्या दिवसांत मी पुष्कळ रडले, पण तुमच्यावर चिडले नव्हते. आज चिडलेय. नवऱ्याला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, आणि तीही भांडायला!

चूक माझी, हे आधी कबूल करते. रविवारच्या पुरवणीच्या संपादकांचा फोन आला होता, "वहिनी, सरांचं न छापलेलं काही असेल तर द्या, आठवण म्हणून लावू." मी तुमचा कॉम्प्युटर उघडला. लग्नाची गाणी गाणाऱ्या सखूअक्कावरचा लेख सापडला. दोनदा वाचला, डोळे पुसले आणि तुम्ही शिकवलं होतं तसा ईमेल करून मोकळी झाले.

आज सकाळी अक्काला कळवावं म्हणून नंबर शोधायला तुमची लांब वही काढली. तिच्या पानावर नंबर होता, लेखाचं नाव होतं, आणि खालची जागा कोरी. सही नाही, अंगठा नाही.

ज्याच्यावर लिहिलं त्याला मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय तुम्ही एकही लेख छापायला दिला नाहीत. ऐकून झालं की वहीत सही, नाहीतर अंगठा. किती चिडवायचे मी! "दिवसभर पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा आणि सुटीत अंगठे गोळा करत हिंडायचं!" तुम्ही म्हणायचात, "अगं, स्वतःबद्दलचं पेपरात वाचून कुणाला धक्का बसायला नको."

आणि नाद तरी एक होता का तुम्हाला? गच्चीवर मधमाश्या पाळल्यात, त्या शेजारच्या काकूंना चावल्या. खापरावरचे मांडे शिकायला गेलात आणि कोपरापर्यंत भाजून आलात. संबळ शिकायला लागलात तेव्हा तर मी आठ दिवस माहेरी बोदवडला जाऊन राहिले. प्रत्येक नादातून एक लेख निघायचा. लग्नाच्या गाण्यांच्या नादात सखूअक्का भेटली.

अक्काचा फोन बंद लागत होता. संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "पान आज पाच वाजता छपाईला जातं. तोवर हो की नाही ते सांगा." मी लेखाची प्रिंट आणि वही पिशवीत टाकली आणि निघाले. शिरपूरहून धुळे, धुळ्याहून साक्री, तिथून जीपमध्ये कोंबून पुढे अक्काच्या गावी. सबंध वाटेत घड्याळ बघत होते. लेखात काय आहे ते आता मला वेगळंच दिसत होतं. पंचक्रोशीत हळदीला अक्काच्याच गाण्यांचा मान, आणि तिनं तुम्हाला सांगितलेलं की ती गाणी तिची नाहीतच. तिच्या धाकट्या जावेनं रचलेली. त्या जावेला मूल होत नाही म्हणून घरातून काढलं, अक्का गप्प बसली आणि पुढे तीच गाणी स्वतःची म्हणून गात राहिली. हे सगळं मी तिला न विचारता जगासमोर मांडायला निघाले होते!

पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. अक्का ओट्यावर शेंगा फोडत होती. तुम्ही गेल्याचं तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि माझा हात धरून बसली. रडायलाही सवड नव्हती हो मला. मी म्हटलं, "अक्का, सरांनी लिहिलंय ते ऐका आधी."

"वाच माय, मी आयकस."

मला कुठे येतं तुमच्यासारखं वाचायला? अडखळत सुरुवात केली. जावेचा भाग आला तसा तिचा मुलगा दारातून पुढे आला. "ताई, हाई छापू नका. आईले बठ्ठा गावमा मान शे. तिना मान कसाले घालवतस?" मला त्याचं म्हणणं पटत होतं, साऱ्या गावातला आईचा मान कशाला घालवायचा? कागदाची घडी करायला लागले, तर अक्कानं तो धरून ठेवला.

"पुरं वाच."

वाचून संपवलं. पाचला बारा मिनिटं होती. अक्कानं कागदावरून बोट फिरवलं. म्हणाली, "सरनी 'एक बाई' लिखं. तिनं नाव कसाले नही लिखं?"

मी म्हटलं, "तिचं नाव घातलं तर तुमची अडचण होईल म्हणून असेल."

"सुमन नाव तिनं. लिख. गाव काय म्हनी ते म्हनू दे."

मुलगा पाय आपटत आत गेला. पाण्याच्या टाकीशी रेंज येते म्हणून मी पळत सुटले, साडी खोचून, या वयात. संपादक म्हणाले, "सर स्वल्पविरामाला हात लावू देत नव्हते, आणि तुम्ही नाव घालता?" मी म्हटलं, "घाला. जबाबदारी माझी." पान गेलं. परत येऊन अक्काचा अंगठा घेतला.

तुम्ही हे का लांबवलंत? सहा महिने लेख तयार होता. अक्का ऐकायला तयार होती. भीती तुम्हालाच वाटत होती ना?

आत्ता स्टँडवर वही उलटून बघितली. अजून तीन पानं कोरी आहेत. एक पिंजाऱ्याचं, एक बोदवडच्या स्टेशनवरच्या हमालाचं. तिसऱ्या पानावर माझं नाव आहे.

माझं! अहो, मी तर घरातच होते. रोज समोर बसून जेवत होते. मला वाचून दाखवायला तुम्हाला कुठली एसटी पकडायची होती?

पिंजाऱ्याकडे आणि हमालाकडे मी जाईन. नको म्हणाले तर तुमचं लिखाण कितीही चांगलं असलं तरी पुसून टाकीन. आणि तिसरा लेख घरी गेल्यावर स्वयंपाकघरात बसून स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवीन, शेवटपर्यंत, मधे न थांबता. पटला तरच सही करीन, हा माझा शब्द.

तुमचीच, अजून चिडलेली,
शैला