हिरव्या अपोफिलाइटचं टोक

२ फेब्रुवारी, सोमवार
दवाखान्यात शेळगावचे संभाजीराव. दाढ दाखवायला आले आणि बसायच्या आधीच टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी ट्रेवर ठेवलं. "इहीर खांदताना घावलं. तुमी असले दगड जमवता म्हणं!"
उघडलं. बाई गं! हिरवा अपोफिलाइट! एवढा मोठा स्फटिक, आणि तोही आपल्या इंदापूर तालुक्यातला! आनंदाच्या भरात त्यांची दाढ बघायचीच राहिली. शुक्रवारी बोलावलंय.

३ फेब्रुवारी
संग्राहकांच्या ग्रुपसाठी वर्णन लिहायला घेतलं. "रंग कच्च्या द्राक्षाचा; उजेडाकडे धरला तर आरपार. उंची साडेतीन सेंटिमीटर. टोक अखंड, चारी कडा धारदार. खाली स्टिलबाइट हे दुसरं खनिज — साईच्या रंगाचं, मधोमध आवळलेल्या पेंढ्यांसारखं."
अनयनं खांद्यावरून वाचलं. "लग्नाआधी मला एवढं निरखलं नव्हतंस!"
नवऱ्यांना काय कळतंय!

४ फेब्रुवारी
तुटलं. टोक. माझ्याच हातून.
दातांचं कीटण काढायच्या यंत्रानं कडेची माती काढत होते. टिक् — एवढाच आवाज. दिवसभर पेशंटना सांगते, हलू नका. आणि हलला कोण? माझा हात!

५ फेब्रुवारी
ग्रुपवर टाकलं. फक्त एक ओळ बदलली — "टोकाला टवका, विहिरीच्या सुरुंगात उडालेला." लिहिताना कान गरम झाले.
लगेच पुण्याहून दादासाहेबांचा फोन. ग्रुप तेच चालवतात. त्यांच्यापुढे भलेभले चाचरतात. "या सुरुंगवाल्यांनी वाट लावलीय! तरी रविवारच्या प्रदर्शनात मधोमध तुमचाच दगड ठेवू."
किती वर्षं वाट बघितली या वाक्याची. आणि आज जेवण गेलं नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
संभाजीराव दाढेसाठी आले. धुतलेला दगड त्यांनीच बघायला मागितला. हातात फिरवला, टवक्यावर अंगठा टेकवला.
"टोक कुठं गेलं? ह्याच्यापायी सुरुंग थांबवला मी. दोन दिस छिन्नीनं सोडवला. बायको म्हणली, येडं लागलंय का!"
"माझ्या हातून तुटलं," म्हटलं. निघालं एकदाचं तोंडातून; ग्रुपवर सुरुंगाचं खोटं लिहिलंय, तेही.
"आसू द्या की. पर तसं लिवा बगा. न्हायतर लोक म्हणतील, संभाजीनं धसमुसळेपणा केला."
पुढचा पेशंट बाहेर थांबवला आणि तिथंच लिहिलं — "शेळगावच्या संभाजीरावांनी हा स्फटिक अखंड काढला होता. टोक मी तोडलं, साफ करताना. काल खोटं लिहिलं."
पाठवलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

७ फेब्रुवारी
सकाळी दादासाहेबांचा फोन. म्हणाले, "माझ्या त्या पांढऱ्या स्फटिकाच्या, स्कोलेसाइटच्या, सुया प्रवासात तुटल्या, असं पंधरा वर्षं सांगतोय. माझ्याच शर्टाच्या बाहीत अडकून गेल्या हो, अश्लेषाताई. उद्या प्रदर्शनात त्याची पाटी बदलून आणतो."